सुट्या पैशांत आलेले रामाचे नाणे

बाजारात भाजी घेतली, पन्नासाची नोट दिली, उरलेले सुटे पैसे मुठीत आले. घरी येऊन पाहावे तो त्यात एक निराळेच नाणे! रंग तांब्याचा. एका बाजूला राम आणि सीता सिंहासनावर बसलेले, शेजारी लक्ष्मण उभा, पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरे. घरातला शिकलेला पोरगा ती वाचून सांगतो, "ईस्ट इंडिया कंपनी. एक आणा. सन १८१८." झाले! शेजारचा म्हणतो, "दोनशे वर्षांचं आहे, सांभाळून ठेवा, लाखाला जाईल." दुसरा म्हणतो, "कायचं लाख, कोटी म्हणा!" आणि त्या रात्री त्या घरात कोणाला नीट झोप येत नाही.

असे नाणे घेऊन लोक आमच्याकडे पुष्कळदा येतात. कोणी फडक्यात बांधून आणतो, कोणी हळदकुंकू वाहून आणतो. सगळ्यांचा प्रश्न एकच : याची किंमत किती?

उत्तर आधीच सांगून टाकतो. ते नाणेच नव्हे. कोणत्याही सरकारने ते पाडलेले नाही. टांकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा सरकारी कारखाना. हा तुकडा कंपनीच्या टांकसाळीतून कधी निघालाच नाही. तांब्यापितळेचा तेवढा तुकडा मोडीच्या भावाने जितक्याला जाईल, तितकीच त्याची किंमत. आता हे कशावरून म्हणतो, तेही ऐका. नुसता आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

ईस्ट इंडिया कंपनी ही इंग्रज व्यापाऱ्यांची कंपनी. व्यापार करता करता ती राज्य करू लागली. तिने नाणी पाडली, हे खरे आहे. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी तिने १८३५ साली सुरू केली. रुपयावर इंग्लंडच्या राजाचे तोंड असे. तांब्याच्या नाण्यावर कंपनीचे चिन्ह असे. त्याआधी प्रांताप्रांतांत निरनिराळी नाणी होती. मद्रासकडे तर कंपनीने सोन्याच्या होनावर देवाची मूर्तीही काढली होती, कारण तिकडच्या लोकांना तशाच होनाची सवय होती. पण रामाचा दरबार, आणि मागे इंग्रजीत कंपनीचे नाव, 'एक आणा' व १८१८, असे नाणे कंपनीने पाडलेले नाही. त्या तुकड्यांवर पुष्कळदा 'यू के एल' अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. कंपनीच्या खऱ्या नाण्यांवर ती नसतात. आणखी एक गंमत पाहा. १८१८ साली आपल्या वऱ्हाडात कंपनीचे राज्यच नव्हते. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले ते १८५३ साली.

राम-सीता असलेले एक खरे नाणे इतिहासात आहे. ते पाडले अकबर बादशहाने, आपल्या अखेरच्या काळात, सन १६०४-०५ च्या सुमारास. त्यावर धनुष्य घेतलेला राम पुढे आणि सीता मागे आहे. नागरी लिपीत 'राम सीय' अशी अक्षरे आहेत. ही नाणी सोन्याची व चांदीची आहेत आणि जगात अगदी मोजकी उरली आहेत. त्यांवर इंग्रजी अक्षर एकही नाही. तेव्हा मिरच्यांच्या पाटीवरून आपल्या हाती अकबराचे नाणे येईल, ही आशा सोडून द्यावी हे बरे.

मग हे रामाचे तुकडे केले कोणी? आणि कशासाठी?

मूळ गोष्ट चांगली आहे. देवळात, यात्रेत, भाविक लोक प्रसाद म्हणून घरी नेत, असे देवाच्या चित्राचे गोल तुकडे फार दिवसांपासून तयार होतात. त्यांना 'रामटंका' म्हणतात. चांदीचे असत, पितळेचे असत. देव्हाऱ्यात ठेवायचे, पूजा करायची. बाजारात चालवण्यासाठी ते कधीच नव्हते. चांदीचा रामटंका असेल तर त्याला चांदीची किंमत आहेच, आणि जुना असेल तर हौशी लोक थोडी जास्तही देतात. यात फसवणूक काहीच नाही. फसवणूक पुढे सुरू झाली. कोणीतरी डोके लढवले. त्याने तांब्याच्या रामटंक्यावर कंपनीचे नाव आणि जुने साल ठोकून दिले. देव पाहून भक्ती वाटते, इंग्रजी अक्षर पाहून ते सरकारी वाटते, आणि साल पाहून लोभ सुटतो. तिन्ही गोष्टी एका तुकड्यावर! आता तो जुनाट दिसतो म्हणाल, तर तांबे काय, ओल्या मातीत थोडे दिवस पुरले की कळंकते. आपल्या घरचा तांब्या चार दिवस घासला नाही तर कसा दिसतो, ते बायांना विचारा.

नकली नाणे म्हणजे टाकाऊच, असेही मात्र समजू नका. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते. पुतळी म्हणजे काय? फार पूर्वी युरोपातल्या व्हेनिस शहराची सोन्याची नाणी व्यापारात आपल्या देशात येत. त्यांवर दोन माणसे असत, एक उभा साधू आणि एक त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राजा. आपल्या सोनारांनी त्या नाण्यांच्या नकला केल्या आणि माळेत ओवल्या. नक्कलच ती! पण सोन्याची. म्हणून तिला सोन्याची किंमत. आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा बाया पेहरावावर नाणी टाकतात, ती कधी खरी असतात, कधी नुसती नाण्यासारखी. तिथे ती शोभेसाठी असतात. तिथे खोटेपणाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो तोच तुकडा बाजारात पैसा म्हणून दिला, किंवा 'ऐतिहासिक' म्हणून विकला, तेव्हा.

आता उलट बाजू पाहू. खोट्याला खरे मानणारे आहेत, तसे खऱ्याला खोटे म्हणणारेही आहेत. आणि गरीब माणसाला या दुसऱ्या प्रकाराचा त्रास रोजचा आहे.

वर्गातल्या एका बाईंनी विचारले, "मास्तर, किराणेवाला म्हणते, हे दहाचं नाणं चालत नाही. मग मजुरीत मिळालेली ही नाणी मी कोणाले देऊ?"

आम्ही नाणे हातात घेतले. बाहेरचे कडे पिवळे, मधला भाग पांढरा. एकीकडे तीन सिंह. 'भारत' हे अक्षर स्वच्छ. नाणे अगदी खरे होते. त्यावर रुपयाची नवी खूण नव्हती, एवढ्यावरून दुकानदार ते नको म्हणत होता. आता ही खूण सरकारने ठरवली २०१० साली. नाण्यांवर ती आली २०११ सालापासून. दहाचे नाणे त्याआधीच, २००९ साली चालू झाले. मग आधीच्या नाण्यावर ती खूण येणार कोठून? कोणी म्हणतात, दहा रेषा असतील तर खरे, पंधरा असतील तर खोटे. तीही अफवाच. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत जाहीर केले की दहाची नाणी तोवर १४ प्रकारांची निघाली आहेत आणि चौदाही चालतात. नाणे घेणार नाही असे बँकेलाही म्हणता येत नाही. कायद्यात एक मर्यादा आहे, तेवढी ठाऊक असावी. एका वेळच्या व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत नाणी चालतात. त्यापेक्षा जास्त नाणी घेण्याची सक्ती कोणावर नाही. पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत चालतात. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली.

त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नाण्यावरचे 'भारत' हे अक्षर बोट ठेवून वाचून दाखवले. दुकानदाराने नाणे घेतले. आम्हाला त्यातले निम्मे श्रेय रिझर्व्ह बँकेचे आणि निम्मे त्या बोटाचे वाटते.

तर नाणे कसे वाचावे? आधी चित्राकडे पाहू नका. चित्र फार फसवते. देव दिसला म्हणून नाणे खोटे ठरत नाही. २०१२ साली सरकारने वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी काढली, ती खरी आहेत. १९९९ साली संत ज्ञानेश्वरांचे चित्र एक रुपयावर आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांवर आले. लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांवर आले २००७ साली. तीही खरी. म्हणून चित्र सोडा आणि अक्षरे वाचा. नागरीत 'भारत' आहे का? इंग्रजीत 'इंडिया' आहे का? सिंहांच्या खाली बारीक अक्षरांत 'सत्यमेव जयते' आहे का? किती रुपये, तो आकडा आहे का? साल आहे का? सालाखाली बारकाईने पाहिले तर एखादी खूण सापडेल. शंकरपाळ्यासारखी चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे. चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर कोलकात्याचे. कधी कधी सुट्या पैशांत नेपाळचेही नाणे येते. त्याची अक्षरे नागरीच असतात, म्हणून घाईत कळत नाही. तेथे 'भारत' नसून 'नेपाल' असते. पोरांच्या खेळातल्या नोटांचेही तसेच. त्यांवर 'चिल्ड्रन बँक' असे लिहिलेले असते. दिवे लागायच्या वेळी, बाजार उठताना, अशी नोट हातात कोंबली जाते.

पुष्कळ लोक लोहचुंबक लावून पाहतात. त्याने काही ठरत नाही. हल्लीची एक व दोन रुपयांची खरी नाणी पोलादाची आहेत, ती चुंबकाला चिकटतात. तांबे, चांदी, सोने चिकटत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

सुट्या पैशांतल्या खोट्या नाण्याने नुकसान किती होते? पाच रुपये, दहा रुपये. ते सोसता येते. पण त्या नाण्याच्या पाठीमागे जे लागतात, ते घर धुऊन नेतात.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे सांगतो. नाव नको, गावही नको. त्याच्याकडे वैष्णोदेवीचे पाचाचे नाणे होते, अगदी खरे. मोबाइलवर त्याने पाहिले, 'हे नाणे द्या, दहा लाख घ्या.' खाली नंबर होता. फोन केला. पलीकडे गोड हिंदी. "बधाई हो, आपका सिक्का पास हो गया." आधी नोंदणीचे दीड हजार मागितले. मग कराचे नऊ हजार. मग रिझर्व्ह बँकेच्या प्रमाणपत्राचे बावीस हजार. कापूस नुकताच विकला होता, घरात पैसा होता, तो गेला. चौथ्या वेळी बायकोने अंगावरचे डोरले काढून द्यायला नकार दिला, म्हणून तेवढे वाचले. पुढे तो नंबर लागेनासा झाला. नाणे अजून त्याच्याच घरी आहे. किंमत पाच रुपये.

रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच लोकांना सावध केले आहे. जुनी नाणी व नोटा खरेदी-विक्रीचा व्यवहार ही बँक करीत नाही. तिने तसा अधिकार कोणाला दिलेला नाही. त्यासाठी ती कधी पैसे मागत नाही. आपल्या बाजारातला साधा रिवाज आठवा. बैल विकायला नेला तर दलाल फार तर सौदा झाल्यावर दलाली घेतो. गिऱ्हाईकच विकणाऱ्याकडून आधी पैसे मागते, असा बैलबाजार कोणी पाहिला आहे? असा पैसा गेलाच तर रडत घरी बसू नका. त्याच दिवशी १९३० या नंबरावर फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. लवकर कळवले तर पैसा पुढे जाण्याआधी अडवता येण्याचा संभव असतो.

याहून भयंकर प्रकार तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचा आहे. याला 'राइस पुलर' म्हणतात. ठग सांगतात, या जुन्या नाण्यावर वीज पडली आहे, त्यात शक्ती उतरली आहे, ते तांदळाचे दाणे ओढून घेते, अमेरिकेची अंतराळ संस्था ते कोटींनी घेणार आहे. मग तपासणीच्या खर्चासाठी पैसे मागतात. प्रयोगही करून दाखवतात! दाणे खरेच सरकतात. पण वर सांगितले ते आठवा. तांबे चुंबकाला चिकटत नाही, मग तांब्याचे नाणे तांदूळ कसे ओढील? नाण्याखाली किंवा नाण्यात चुंबक लपवलेले असते, आणि दाण्यांना लोखंडाचा बारीक चुरा लावलेला असतो. घरचा तांदूळ पुढे ठेवा, शक्ती तिथल्या तिथे संपते. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशाच एका प्रकरणात बाप-लेकाला पकडले. त्यांनी एका व्यापाऱ्याला कोटीच्या वर रुपयांना गंडवल्याचा आरोप होता. तो व्यापारी काही अडाणी नव्हता. तेव्हा शिकलेला माणूस फसत नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

आणि एक विचारा त्या ठगाला. शंभर वर्षांहून जुने नाणे हे आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. मग १८१८ चे नाणे खरे असते, तर तुम्ही ते अमेरिकेला विकणार कसे?

जुन्या खऱ्या नाण्यांविषयीही सांगायला हवे, कारण ती आपल्या घरांत असतात. आजीच्या पेटीत राणीछाप किंवा राजाछाप रुपया असेल. तो एक तोळ्याचा, आणि बाराऐवजी अकरा भाग चांदी असलेला. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि पुढे ती गेलीच. म्हणून साल पाहिल्याशिवाय सोनाराला देऊ नका. असा रुपया दगडावर टाकला की खणखणीत वाजतो, नकली बद्द वाजतो. 'नाणे खणखणीत आहे', 'वाजवून घे', हे आपले बोलणे तेथूनच आले. झिजलेल्या किंवा परक्या नाण्यावर सराफ बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो हाच बट्टा. उमरखेड-पुसदच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी चारमिनाराचे चित्र असलेली नाणीही निघतात. तो निजामाचा हाली सिक्का. पैनगंगेच्या पलीकडे तो चाले, अलीकडे इंग्रजी कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. आता दोन्ही बंद. शेतात नांगरताना शिवराईही सापडते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनंतर पेशवाईतही ती पुष्कळ पाडली गेली, म्हणून साध्या शिवराईला लाखाची किंमत येत नाही. किल्ल्यांवर तिच्या नव्या नकलाही विकायला असतात. त्या आठवण म्हणून घ्याव्या.

जुन्या नाण्याविषयी जाणकाराला विचारायचे तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आपल्याला जवळ आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. ते १८६३ साली सुरू झाले आणि तेथे नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथेही नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था व संग्रहालय आहे. नाणे घासून लखलखीत करून नेऊ नका. चिंच लावली की अक्षरे झिजतात, आणि अक्षरांतच त्याची किंमत असते. जमिनीत गाडलेले हंडाभर नाणे सापडले तर मात्र गप्प बसणे धोक्याचे. १८७८ च्या कायद्याने ते कलेक्टरला कळवावे लागते. लपवले तर शिक्षा होते, कळवले तर सापडवणाऱ्याचा हक्क राहतो. अशा धनासाठी रात्री मांत्रिक बोलावून अघोरी प्रकार करणे, हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने निराळा गुन्हा आहे.

राहता राहिला तो रामाचा तुकडा. त्याचे काय करावे? देव्हाऱ्यात ठेवा, त्याला हरकत नाही. पोराला खेळायला द्या. पण दुसऱ्याच्या सुट्या पैशांत सरकवून देऊ नका. अंधारात तो बहुधा तुमच्यासारख्याच एखाद्या भाजीवाल्या म्हातारीच्या पदरात जाईल. आणि तुकडा रामाचा नसून दहाच्या चालू नाण्याची हुबेहूब नक्कल असेल, तर ती खोटी आहे हे जाणून दुसऱ्याला देणे हा मोठा गुन्हा आहे. त्याला लांब मुदतीची कैद आहे. असे नाणे बँकेत दाखवा. त्याचे दहा रुपये परत मिळत नाहीत. ते सोडून द्यावे लागतात.

अभ्यास : आज घरातली सगळी नाणी एका ताटात ओता. प्रत्येक नाण्यावरचे साल वाचा आणि सालाप्रमाणे ओळीने लावा. सालाखालची खूण शोधा आणि मुंबईची नाणी किती, हैदराबादची किती, ते मोजून वहीत लिहा. ज्या नाण्यावर 'भारत' हे अक्षर सापडत नाही ते वेगळे काढा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. हंगाम असल्यामुळे तो वर्ग रात्री आठ वाजता भरेल.